ओला कचरा, सुका पाला: पुण्यातल्या एका सोसायटीच्या खतप्रकल्पाच्या नोंदी

ठिकाण: कर्वेनगर भागातली १२० सदनिकांची सोसायटी, भूखंड ५,००० चौरस मीटरपेक्षा थोडा मोठा. तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे एवढ्या आवाराने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. सुका कचरा आधीपासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात. ती व्यवस्था आहे तशीच ठेवली आहे. पुढे हे काम ज्यांच्याकडे जाईल त्यांना कारणे कळावीत म्हणून आकड्यांसोबत कारणेही लिहिली आहेत.

८ ते १४ जानेवारी २०२४. वजने

काटा गेटजवळ ठेवून आठवडाभर सगळे वजन केले. रोजची सरासरी: ओला ७८ किलो, सुका ३१, डायपर-पॅडचा ९. रविवारचा ओला कचरा सोमवारी सकाळी येतो, त्या दिवशी ९७ भरला. जानेवारीत मटार असतो, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. शेंगांच्या वजनातला जवळपास निम्मा भाग सालीचा. १७ घरांच्या बादल्या मिसळलेल्या आल्या.

हिशेबाला ८० किलो धरायचे. उन्हाळ्यात कलिंगड आणि आंब्यामुळे ११० पर्यंत जाईल असे समजून जागा ठेवायची.

२० जानेवारी. यंत्र की हौद

‘२४ तासांत खत’ देणाऱ्या यंत्रांची माहिती घेतली. ही यंत्रे मुख्यतः कचरा दळून तापवतात, त्यातले पाणी उडवतात. बाहेर येतो तो कोरडा, तपकिरी भुगा. त्याचा वास कॉफीसारखा येतो म्हणून लोक फसतात. मूठभर भुगा ओला करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवला की आंबतो आणि वास मारतो. म्हणजे कुजण्याची क्रिया झालेलीच नसते, फक्त थांबवलेली असते. तो भुगा कुंडीत टाकला तर मुळांशी तापतो. वीजबिल वेगळे. हौद करायचे ठरले.

मोजमाप असे: ८० किलो ओला आणि १६ किलो भरडलेला पाला मिळून रोज साधारण २४० लिटर. ढीग बसत जातो, म्हणून १.८ × १.२ × १ मीटरचा हौद १२ ते १४ दिवसांत भरतो. भरल्यावर ४५ दिवस विश्रांती. याला पाच हौद पुरतात, सहावा पलटी मारायला रिकामा हवा. सहा हौद.

१२ फेब्रुवारी. पाला साठवणे

सगळा प्रकल्प या एका कामावर उभा आहे, म्हणून नोंद लांब.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी. कुजवणाऱ्या जिवाणूंना ५५ ते ६० टक्के ओलावा लागतो. त्यापेक्षा जास्त झाला की कणांमधल्या पोकळीत हवेऐवजी पाणी बसते आणि ढीग सडायला लागतो. ८० किलो ओल्यात १६ किलो वाळका पाला घातला तर कागदावर ओलावा ६८-६९ टक्के येतो. उरलेले पाणी वाफ होऊन जाते, पण ढीग तापला आणि बाहेरची हवा कोरडी असली तरच. पावसाळ्यात वाफ जात नाही. तेव्हा पाला रोज २२ किलो लागेल.

जून ते सप्टेंबर १२० दिवस धरले तर २,६४० किलो. भरडलेल्या पाल्याचे वजन घनमीटरला साधारण ११० किलो, म्हणजे २४ घनमीटर जागा: ४ × ३ मीटरची खोली दोन मीटर उंचीपर्यंत गच्च. जिन्याखालची सायकलींची जागा पुरणार नाही. न भरडता ठेवला तर दुपटीहून जास्त जागा लागते.

अडचण अशी की पुण्यात पानगळ जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत होते आणि गरज जूनमध्ये येते. आवारात झाडून रोज २५-३० किलो पाला निघतो. शेजारच्या दोन सोसायट्या त्यांचा पाला द्यायला तयार आहेत, कारण तो पेटवायला नियमांनी बंदी आहे आणि पोत्यांनी बाहेर टाकायला जागा नाही.

कोणती पाने: पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) आणि कडुनिंबाची बारीक पाने तशीच चालतात. आंबा, फणस, वड, देशी बदाम भरडलेच पाहिजेत; अखंड पाने एकमेकांवर चिकटून पत्र्यासारखा थर करतात आणि खालची हवा तुटते. बांबूची पाने कमी घ्यावीत, फार दिवस तशीच राहतात. सुतारकामाचा भुसा आणायचा असेल तर साध्या लाकडाचा. प्लायवूडच्या भुशात डिंकाची रसायने असतात.

भरडणी: ३ अश्वशक्तीचे यंत्र. पाला हाताने मोडल्यावर कडकन तुटला पाहिजे, वाकला तर अजून एक दिवस उन्हात. दमट पाला पोत्यात भरला की आतून तापतो, बुरशी धरतो, आणि जूनमध्ये हाती काळा लगदा येतो. साठा मीटर-खोलीपासून आणि गाड्यांपासून लांब, पत्र्याच्या शेडखाली, जमिनीपासून १५ सेंमी उंच फळ्यांवर. अग्निशामक नळकांडे तिथेच भिंतीला.

२८ फेब्रुवारी. बांधकाम पूर्ण

तळ कोब्याचा, मागच्या बाजूला ५० ला १ उतार. गळणारे पाणी ५० मिमी पाइपने बंद पिंपात जाते. भिंती अर्ध्या विटेच्या, एकाआड एक थरात ५ सेंमीची फट. आतून १२ मिमी भोकांची वेल्डेड जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी घुशी सहज कुरतडतात, ती घेऊ नये. पुढची बाजू बांधलेली नाही. दोन्ही कडांना लोखंडी खाच आणि त्यात सरकत्या फळ्या. हा खर्च वाचवणाऱ्यांच्या हौदांत एक मीटर उंचीवरून खत फावड्याने वर उचलावे लागते. मग कामगार पलटी मारायचे टाळतात आणि प्रकल्प तिथेच थांबतो.

प्रत्येक हौदात ११० मिमीचे दोन उभे पीव्हीसी पाइप, १० सेंमी अंतरावर १० मिमी भोके. वर शेड, पन्हाळीचे पाणी हौदांपासून दूर सोडलेले.

११ मार्च. पहिला हौद सुरू

तळाशी नारळाच्या शेंड्या, करवंट्या आणि जाड काटक्या, १५ सेंमी. त्यावर पाला १० सेंमी. मग रोज:

बादल्या ताडपत्रीवर रिकाम्या करून हाताने वेचणी. मोठे तुकडे (कोबीची दांडी, केळफुलाची साले) कोयत्याने दोन-तीन सेंमीचे. पाला आणि ओला कचरा ताडपत्रीवरच कालवून हौदात. नुसता थरावर थर देऊ नये; ओल्याचा थर आतून घट्ट बसतो. वरून अर्धवट तयार खत दोन घमेली, शेवटी पाल्याने पूर्ण झाकण. वरती भाजीचा एकही तुकडा दिसता कामा नये. माश्यांचा निम्मा बंदोबस्त एवढ्याने होतो.

कचरा मिक्सरसारखा दळणारी यंत्रे घेऊ नयेत. दळलेल्या कचऱ्याचे पीठ होते आणि त्यात हवा शिरत नाही.

विरजण म्हणून पहिल्या दिवशी १० किलो ताजे शेण पाण्यात कालवून शिंपडले. महाग कल्चर पावडर आणली नाही. कुजवणारे जिवाणू पाल्यावर, सालींवर असतातच. हवा आणि ओलावा जमला नाही तर पावडरही काही करत नाही. दुसऱ्या हौदापासून जुने खतच विरजण.

१९ मार्च. तापमान

५० सेंमी दांडीचा तापमापक मधोमध खुपसून: तिसऱ्या दिवशी ४८ अंश, पाचव्या दिवशी ६१, आज ६३. ५५ च्या वर सलग तीन दिवस राहिले की तणांची बीजे आणि बहुतेक रोगजंतू मरतात. ६८ च्या वर गेले तर उलथून थंड करावे, उपयोगी जिवाणूही मरायला लागतात. वरच्या बाजूला पांढरी पूड दिसते आहे. ती बुरशीसारखे ॲक्टिनोमायसिटीज, चांगले लक्षण.

२६ मार्च. होळीची राख

दोन पोती राख ‘खतात घाला’ म्हणून आली. घेतली नाही. राख क्षारधर्मी असते, ती पडली की नत्र अमोनिया होऊन उडतो आणि नाकाला झोंबते. हौदाला आठवड्याला एक मूठ चालते. पोती नाही.

४ एप्रिल. वासाचा तक्ता (शेडच्या दाराला लावला)

आंबूस वास: पहिल्या दोन-तीन दिवसांत नेहमीचा, पाला वाढवा. नाकाला झोंबणारा अमोनिया: हिरवा, म्हणजे ओला, भाग जास्त, पाला कमी. कुजक्या अंड्याचा: आत हवा नाही, त्याच दिवशी पलटी, करवंट्यांचे तुकडे किंवा काटक्या मिसळा. मुंग्या लागल्या: ढीग कोरडा, पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर ओला जास्त, मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर कोरडा.

१६ एप्रिल. सुक्या कचऱ्याची खोली

सुका माल विकून येणारे पैसे कचरावेचक ताईंचे. ‘पुठ्ठा आणि रद्दी सोसायटीनेच भंगारवाल्याला द्यावी’ ही सूचना बैठकीत आली, ती नाकारली. चांगला माल काढून घेतला तर त्यांच्या हाती चिप्सची पाकिटे आणि थर्माकोल उरते, आणि घराघरांतून उचलायचे काम तेवढेच राहते.

खोलीत टेबल, उजेड, पंखा, हात धुवायला नळ. घरांना दिलेल्या सूचना: दुधाची पिशवी कापताना कोपरा वेगळा पाडू नये, ते चिमुकले तुकडे कुणीच वेचू शकत नाही. पिशवी धुऊन वाळवून. तेल लागलेला पिझ्झाचा डबा सुक्यात नको, फाडून ओल्यात. कागदाच्या लगद्यात तेल चालत नाही, खतात चालते. दुकानाचे गुळगुळीत बिल रद्दीत नको, त्या कागदावर रसायनाचा लेप असतो. पाण्याच्या बाटलीचे झाकण वेगळ्या प्लास्टिकचे असते, पण बाटलीलाच लावून द्यावे, सुटे हरवते.

डायपर-पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका. वेचणाऱ्या हाताला न उघडता कळले पाहिजे. सीएफएल आणि नळीचे दिवे न फोडता, खोक्यासह वेगळ्या कपाटात. त्यांत पारा असतो. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी, नाहीतर किल्ल्या-नाण्यांना लागून पेट घेते.

३० एप्रिल. ‘कंपोस्टेबल’ पिशव्या

काही घरे हिरव्या पिशवीत ओला कचरा बांधून देत आहेत. आयएस १७०८८ या भारतीय मानकाप्रमाणे खरोखर कंपोस्टेबल असलेली पिशवीसुद्धा सलग ५८ अंशांच्या आसपास राहिली तर कुजते. आपल्या हौदाचा मधला भाग तितका तापतो, कडा तापत नाहीत. पहिल्या हौदातून पिशव्यांच्या चिंध्या निघाल्या. ‘बायोडिग्रेडेबल’ एवढेच छापलेल्या पिशव्यांचे तर फक्त तुकडे होतात. सूचना: बादलीत वर्तमानपत्राची घडी, पिशवी कोणतीच नाही.

१४ मे. आंबा

ओला १०८ किलो. कोयी आठवडाभर उन्हात वाळवून भरड यंत्रातून काढल्या. अखंड कोय दोन फेऱ्यांनंतरही जशीच्या तशी निघते, पण हौदाच्या तळाला हवा खेळती ठेवायला तिचा चांगला उपयोग, म्हणून निम्म्या तशाच ठेवल्या.

चिलटे वाढली. साले आणि रस उघडे राहिल्यामुळे. पाल्याचे झाकण दुप्पट केले, तीन दिवसांत कमी झाली. फवारणी करू नये, जिवाणूही मरतात.

तिसऱ्या हौदात पांढुरक्या, पुढे तपकिरी होणाऱ्या जाड अळ्या शेकड्याने. तक्रारी आल्या. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ही माशी जेवणावर बसत नाही, रोग पसरवत नाही, आणि अळ्या ओला कचरा झपाट्याने खातात. काढायची गरज नाही. त्या फार झाल्या म्हणजे ढीग फार ओला, एवढा इशारा घ्यावा. अळ्या भिंतीवर चढून पळत असतील तर ओलावा जास्त असू शकतो.

१७ जून. पाऊस

पाला रोज २२ किलोवर नेला. तरी चौथा हौद ४१ अंशांवर अडकला. वर ओला, आत चिकट, कुजका वास. पन्हाळीचा जोड गळत होता आणि पाणी थेट कडेला पडत होते. जोड बुजवला, हौद सहाव्यात पलटला, सोबत ३० किलो पाला आणि एक घमेले करवंट्यांचे तुकडे. चौथ्या दिवशी ५६ अंश. कणसांच्या साली आणि बुट्टे येऊ लागले; बुट्टे कापून तळाशी.

पिंपात रोज सहा-सात लिटर गळ. ही गळ पुन्हा हौदावर ओतू नये. मीठ परत आत जाते. दहापट पाणी घालून फक्त मोठ्या झाडांना, आठवड्यातून एकदा. पिंपाला घट्ट झाकण, डासांसाठी.

२६ जुलै. सुका साठा

काल खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्याकडे पाणी भरले, वाहतूक बंद, सुका कचरा उचलला गेला नाही. खोलीत तीन दिवसांचा माल मावतो, ओला कागद वेगळा काढला तरच. यापुढे पावसाळ्यात खोली रोज रिकामी.

६ ऑगस्ट. हाडे

आषाढ संपता संपता मटण आणि माशांचा कचरा एकदम वाढला. चालतो, पण वर टाकायचा नाही: तापलेल्या ढिगात मधोमध ३० सेंमी खड्डा, त्यात घालून दुप्पट पाला. हाडे कुजत नाहीत, चाळणीत निघतात. ठिसूळ झालेली पुन्हा पुढच्या हौदात. याच आठवड्यात घुशीचे एक बीळ शेडमागे सापडले. कोबा असल्यामुळे आत येता आले नाही. बीळ विटांचे तुकडे आणि सिमेंटने बुजवले.

१९ सप्टेंबर. निर्माल्य

दहा दिवसांचे निर्माल्य २१० किलो. हारांतला दोरा, जर, प्लास्टिकची फुले, थर्माकोलचे मणी काढायला वेचणीचा चौपट वेळ लागला. पुढच्या वर्षी पोस्टर गणपतीआधी: सुती दोऱ्यातला हार घ्या. झेंडू लवकर कुजतो. दुर्वा आणि केळीचे खांब कापल्याशिवाय नकोत.

दोन घरांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवली (पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, दिलेली पद्धत) आणि ते पाणी हौदात ओतायला आणले. घेतले नाही. त्यात अमोनियम सल्फेट असते, म्हणजे खतच, पण एकदम इतके नत्र ढिगात गेले तर अमोनियाचा वास आणि वाफ. भरपूर पाणी घालून बागेला द्यायला सांगितले. शाडूची माती हौदात घालायची नाही, कुजत नाही आणि ढीग घट्ट करते.

१० ऑक्टोबर. तयार खत

विश्रांती संपलेल्या हौदांचा माल ३० अंशांखाली आला की गांडुळांच्या वाफ्यात तीन आठवडे. गांडूळ आयसेनिया फेटिडा. गरम मालात घातली तर मरतात किंवा पळतात. मग ४ मिमी चाळणी. वर राहते ते (कोयी, करवंट्या, काटक्या) पुन्हा तळाला.

घरगुती परीक्षा: एक भाग खत, दहा भाग पाणी, तासभर हलवून फडक्याने गाळायचे. त्या पाण्यात भिजवलेल्या टिपकागदावर २० हळिवाचे दाणे, दुसऱ्या ताटलीत साध्या पाण्यावर २०. तिसऱ्या दिवशी खताच्या पाण्यातले कोंब आणि मुळे साध्याच्या ८० टक्क्यांवर असतील तर खत पिकले. आपली १७ उगवली, साध्यावर १९. मुळे किंचित आखूड.

प्रयोगशाळेचा अहवाल, कंसात खत नियंत्रण आदेश १९८५ मधली शहरी खताची मर्यादा: सामू ७.४ (६.५ ते ७.५), कर्ब-नत्र गुणोत्तर १७ (२० खाली), नत्र १.१ टक्के (किमान ०.८), ओलावा ३४ (१५ ते २५), विद्युत वाहकता ४.६ (४ पर्यंत). विकत नसल्यामुळे हे आकडे आपल्याला बंधनकारक नाहीत, पण मोजपट्टी म्हणून चांगले. ओलावा दोन दिवस सावलीत पसरून जाईल. वाहकता म्हणजे मीठ. ते लोणची, रस्से, शिळ्या भाज्यांतून येते, आणि हळिवाची मुळे आखूड राहण्याचे कारणही बहुधा तेच. उपाय दोन: शिजलेले अन्न नितळून द्यायचे, आणि कुंडीत खत एक भाग, माती तीन भाग. नुसत्या खतात रोप लावू नये.

महिन्याला चाळलेले खत साधारण ४०० किलो. घरटी दोन किलो, बाकी आवारातल्या झाडांना. उरलेले शेजारच्या त्या दोन सोसायट्यांना, पाल्याच्या बदल्यात.

२१ ऑक्टोबर. मिळकतकर

गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक चालू असेल तर महापालिका सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते, दोन किंवा अधिक असतील तर १०. तपासणीला प्रकल्प बंद आढळला तर सवलत जाते. गांडुळांचा वाफा, तापमानाची वही आणि रोजच्या वजनाचा तक्ता शेडमध्येच ठेवावा. अर्ज करायच्या आधी करायचे: तिसऱ्या हौदाच्या खालच्या दोन फळ्या बदलणे, भरड यंत्राची पाती धार लावायला देणे, पाल्यासाठी ६० नवी पोती.